खुर्च्या सहा, मुलं सात

मार्युतनं फ्रिजवर चिठ्ठी लावलीय, मला दिसेल अशा उंचीवर:
शनिवारी दोन वाजता. मुलं सात.
गाणी तुम्ही निवडा, बाबा,
पण मरण नको, दारू नको, ताटातूट नको.

बरं.
मग उरलं काय?

कपाटावरचं खोकं उतरवलं.
फडक्यानं एकेक तबकडी पुसतोय,
ओळख परेडला उभे केल्यासारखा एकेकीचा चेहरा बघतोय.
ही: तो समुद्रावर जातो, परत येत नाही.
ही: ती परत येते, पण दुसऱ्याबरोबर.
हिच्यात कुणी मरत नाही,
फक्त पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नोव्हेंबर आहे.
ही बरी, जरा उडती, म्हणून बाजूला ठेवली.
भांडी घासताना आठवलं,
तिसऱ्या कडव्यात तो बाटली उघडतो.

आम्ही नाच शिकलो तोच असल्या गाण्यांवर.
तळ्याकाठचा लाकडी मंडप, मानेवर डास,
रात्रीचे अकरा आणि ऊन अजून पाण्यावर.
इर्या माझ्या कानाशी पावलं मोजायची,
गाणारा बिचारा उद्ध्वस्त होत असायचा
आणि आम्ही दोघं इतके सुखात
की तिच्या चपलेचा बंद तुटला ते घरी आल्यावर कळलं.
हे मार्युतला कसं सांगायचं?
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जागा आहे,
पण एवढी नाही.

शेवटी दोनच सुटल्या निर्दोष:
एक सकाळच्या व्यायामाची, पियानोवर,
एक पक्ष्यांच्या आवाजांची, सहकारी दुकानानं कधीतरी फुकट दिलेली.

शनिवार. दारात चौदा बूट, त्यातले चार एकाच मापाचे,
कारण विल्यो आणि ओइवा जुळे.
व्यायाम त्यांना आवडला.
हात वर, हात खाली, मग सगळी जमिनीवर लोळली
आणि केकवरचं एक पिवळं बोर गालिच्यात गेलं.
पक्षी लावले तर एकदम चिडीचूप.
करकोच्याच्या कुळातला कुणी तरी ओरडला,
एलिसनं विचारलं, ह्याचं पोट दुखतंय का?

मग खुर्च्या मांडल्या. पाठीला पाठ, सहा.
हिल्ला माझ्या बाहीला लोंबकळली,
आज सहा वर्षांची, दोन दात कमी:
उक्की, ती लाव ना, तो बुडतो ती.
तुला कुठून माहीत?
तू बटाटे सोलताना म्हणतोस की.

मी मार्युतकडे पाहिलं.
ती मेणबत्त्यांचं मेण खरवडत होती,
फार मन लावून.

सुई टेकली. मुलं पळाली.
माझा अंगठा दांडीवर. मी मध्येच थांबवायचं,
एकाला खुर्ची मिळायची नाही, तो रडायचा, असा खेळ आहे.
मार्युत खुणावतेय: आता.
पण आता तो होडी सोडतोय.
आता? आता किनाऱ्यावरचा दिवा दिसेनासा होतोय.
इथे कसा तोडू?
आमच्या मंडपात गाणं संपण्याआधी जोडीदाराचा हात सोडला
तर गावभर आठवडाभर चर्चा व्हायची.

मुलं पळून पळून चालायला लागली.
इल्हाननं हिल्लाच्या खांद्यावर हात ठेवला,
तिच्या खांद्यावर ओइवानं,
नकळत आगगाडी झाली, धीमी, दमलेली, तालात.
धाकटी आमू नुसती त्यांच्यामागून,
एक मोजा घोट्याखाली,
ओठ हलवत, शब्द माहीत नसताना.

तीन मिनिटं वीस सेकंद.
मग नुसती खरखर.

सगळी एकदम बसली. सहा खुर्च्यांवर सात,
आमू इल्हानच्या मांडीवर.
बाद कोण, ते कुणीच विचारेना.
मार्युत म्हणाली, बाबा, हा खेळ असा नसतो.
मला माहीत आहे, मी म्हटलं.

मग एलिस, गंभीर, नाकाला साय लागलेली:
सापडला का तो?

मी तबकडी उचलली, पुसली.
दुसऱ्या बाजूला बघू, म्हटलं.
दुसऱ्या बाजूला नोव्हेंबर आहे.